दादाच्या कॅसेटवर भरलेली गाणी

हे मी कधी लिहिलेलं नाही. बोललो तेही एकाच दिवशी, अगदी अलीकडं — आणि ते बोलणंही माझ्या मनासारखं झालं नाही. त्याआधीची सगळी वर्षं मी गप्प होतो. बायकोला सांगितलं नाही. ज्या मित्रांसोबत तासन्‌तास गाणी ऐकली, त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? थकलोय म्हणून. दुसरं कारण शोधायला गेलो तर ते मी तयार केलेलं असेल.

मी सांगलीत एका शाळेत मराठी शिकवतो. गाण्यांचा नाद जुना आहे. हल्ली माझ्या वयाच्या माणसांना एक नवीन सवय लागलीय, बघितलीत का? एखाद्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली, तीस झाली, की आम्ही लगेच लिहायला बसतो. कॅसेटचं वेष्टन कसं होतं, पहिल्यांदा कुठं ऐकली, तेव्हा कोण कोण सोबत होतं. मीही लिहितो. लोक खाली बदाम टाकतात, 'सर, रडवलंत' म्हणतात. गाण्यांचं वय मोजता मोजता आपण आपलंच मोजत असतो, हे सगळ्यांना कळतं — पण तसं कुणी म्हणत नाही.

यंदा एका अल्बमला पंचवीस वर्षं झाली. नाव सांगत नाही. गाणाऱ्यांचा यात काही दोष नाही. भावगीतांचा अल्बम होता, नवा आवाज, मागं बासरी आणि हलकी गिटार. आमच्या मित्रमंडळींत सगळ्यांना माहीत आहे की हा माझा सर्वांत लाडका अल्बम. तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी, माझ्या कॅसेटवर एक घरघर आहे. भरताना व्होल्टेज पडलं होतं. आता मोबाईलवर तेच गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि मला ते खोटं वाटतं. माझ्या कानाला घरघर लागते.

पण ती कॅसेट माझी नव्हती. ती दादाची होती.

दादा माझा थोरला भाऊ. उंब्रजजवळ आमचं गाव. घरचा ऊस होता, आणि आमच्या भावकीत दर पिढीला एक तरी माणूस फौजेत. वडील लवकर गेले आणि दादा अठरा भरताच भरती झाला. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वहिनीला यायचं — ती मेढ्याची, शिकलेली — पण दादाला पत्र लिहायचा कंटाळा. गावात फोन एकाच घरी होता, तिथं बोलायचं म्हणजे आळीला सोबत घेऊन बोलायचं. म्हणून त्या साली दिवाळीनंतर दादानं शेजारच्या गावातल्या एका जवानाबरोबर कॅसेट पाठवली. दोन्ही बाजू भरून बोललेला. आईशी, माझ्याशी, सगळ्यात जास्त वहिनीशी. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते.

ती कॅसेट आमच्या घरात रोज लागायची. संध्याकाळी चुलीपुढं बसून आई म्हणायची, "लाव रं संजा, दादाला बोलीव." वहिनी दुपारी एकटी ऐकायची, आतल्या खोलीत, आवाज बारीक करून. टेप दादानंच कॅन्टीनमधून आणलेला — दोन कॅसेटचा, एकीवरून दुसरीवर भरता येणारा.

मी कराडला कॉलेजला होतो. एका मित्रानं हा नवा अल्बम आणला आणि एका दिवसाच्या बोलीवर मला दिला. त्या वयात एखादं गाणं कसं अंगावर येतं, तुम्हाला आठवत असेल. मला तो अल्बम हवाच होता. कोरी कॅसेट नव्हती. उंब्रजला दुकानात मिळाली नाही. कराडला परत जाऊन आणता आली असती. पण मी गेलो नाही.

आता ऐका — कारण इथंच मी स्वतःला नेहमी सोडून देत आलोय. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारक्या खुंट्या असतात. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. दादानं त्या मोडून पाठवल्या होत्या. का मोडल्या असतील? आपल्या घरात टेपशी खेळणारा कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. मी कागदाचे दोन बोळे केले आणि त्या भोकांत ठासून बसवले. नीट, नखानं दाबून. म्हणजे हे चुकून झालं नाही. हात लागला, बटण दाबलं गेलं, असलं काहीही नाही. आई वहिनीला घेऊन उंब्रजच्या दवाखान्यात गेली होती, घर रिकामं होतं, आणि मी दादाच्या आवाजावर गाणी भरली. एक बाजू, मग दुसरी.

काय विचार केला होता मी? हाच की दादा महिन्याभरात सुट्टीवर येणार आहे. आला की सांगू, तो टपलीत मारेल, हसेल, पुन्हा बोलेल. त्याचा आवाज काय, येतोच आहे की! गाणी मात्र उद्या परत जाणार होती.

संध्याकाळी आईनं कॅसेट मागितली. मी म्हणालो, सापडत नाही. तिनं विचारलं, "सकाळी कुनी लावलेली?"

"वहिनीनं," मी म्हणालो.

हे खरं होतं. सकाळी वहिनीनंच लावली होती. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला इतकं सहज बोलता आलं. वहिनी म्हणाली, मी होती तिथंच ठेवली. सगळ्यांनी शोधलं. मीही शोधलं — पेटीखाली वाकून, कणगीमागं हात घालून. कॅसेट तेव्हा माझ्या कॉलेजच्या पिशवीत, दुसऱ्या वेष्टनात होती.

आई दोन-चार दिवस कुरकुरली. मग म्हणाली, जाऊ दे, आता तोच येतोय.

तो आला नाही. तिकडं डोंगरातल्या रस्त्यावर बर्फात त्यांची गाडी घसरून दरीत गेली. लढाई नव्हती, काही नव्हतं. गाडी घसरली.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण त्यात रेंगाळण्याचा मला हक्क नाही. तेराव्याला भावकी बसलेली होती. आई भिंतीला टेकून, शेजारी मावशी — आईची धाकटी बहीण, आमच्याच गावात दिलेली. आई तेरा दिवस फार बोलली नव्हती. त्या दिवशी वहिनी समोरून गेली आणि आई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या लेकाचा आवाज हुता घरात. त्यो बी हिनं घालवला."

वहिनी जागच्या जागी थांबली. "न्हाई ओ आत्याबाई. मी ठिवली तितंच ठिवलेली."

"मग गिळली का भुईनं? म्हायेरी धाडली असशील."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मला नेहमी वाटत आलंय की तिला संशय होता. पण तसं वाटणं माझ्या सोयीचंही आहे, नाही का? तिला ठाऊकच होतं म्हटलं की माझं ओझं अर्धं होतं. कदाचित तिनं नुसतंच बघितलं असेल, बुडणारा माणूस दिसेल त्याच्याकडं बघतो तसं. मी उठलो आणि बाहेर जाऊन मांडवातल्या सतरंज्या गोळा करायला लागलो.

वहिनी बाळंतपणाला मेढ्याला गेली. मुलगी झाली, मयूरी. आईनं त्यांना आणायला कुणाला पाठवलं नाही. एक महिना झाला, मग एक वर्ष झालं, मग ते तसंच होऊन गेलं. वहिनीला मलकापूरला अंगणवाडीत नोकरी लागली, तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत तिनं मयूरीला वाढवलं. मी जायचो. दिवाळीला, मयूरीच्या वाढदिवसाला. लोक म्हणायचे, संजा बघा कसा भावजयीचं करतो. मी ऐकून घ्यायचो.

आणि तुम्ही म्हणाल, तरुणपणी होतं असं, घाबरला असशील. थांबा. अजून संपलेलं नाही. खरं तर जे झालं त्याहून जे मी केलं नाही ते मोठं आहे.

त्या हिवाळ्यातच, कराडच्या खोलीवर, मी तो अल्बम पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला. तोवर धीर झाला नव्हता. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं, माझं बटण दाबल्याचा खटका ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग दादा बोलायला लागला.

अल्बम दादाच्या बोलण्यापेक्षा थोडा छोटा होता. मी गाणं संपल्यावर भरणं थांबवलं होतं, किती टेप उरलीय ते न बघता. उरलेल्या टेपवर दादा तसाच होता.

"…लय उबं ऱ्हाऊ नगंस. पाय सुजत्यात म्हनत हुतीस, तर पायाखाली उशी घेत जा. आनि आईचं मनाला लावून घिऊ नगंस, ती बोलती तशी न्हाई. — आरं ए, ती बादली आपटायची बंद कर की, बोलतूय हितं! — तर, टेप संपत आली बघ. मी…"

आणि खट्‌. संपली.

हे वहिनीसाठी होतं. त्यात एक शब्दही माझा नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी मेढ्याची गाडी धरायला हवी होती. आईपुढं जाऊन ती कॅसेट लावायला हवी होती — तिचा लेक तिला सांगत होता की सुनेला बोलू नकोस म्हणून, जवळजवळ तसंच. पण ते ऐकलं की आई म्हणणार, सुरुवातीपासून लाव. आणि गाणं वाजलं की सगळं कळणार.

म्हणून मी कॅसेट लपवली. एकदा नाही — रोज लपवली. खोली बदलली तेव्हा लपवली, लग्न झालं तेव्हा लपवली, सांगलीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा माझ्या हातानं कपाटात तळाशी ठेवली. मधूनमधून ऐकायचो. शेवटच्या गाण्यापासून लावायचो. लोकांना वाटायचं मला ते गाणं आवडतं. आवडायचंही, हेच तर वाईट आहे. अजून आवडतं.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडं सांगलीला होती. अंथरुणाला खिळल्यावर तिला दादा फार आठवायचा. मी पाय चेपत बसलो की म्हणायची, "तेवढी कॅसेट तिनं दिली असती तर बरं झालं असतं रं. मरताना ऐकली असती." कपाट पलीकडच्या खोलीत होतं. मी पाय चेपत राहायचो. आई तशीच गेली, सुनेवरचा राग घेऊन. माती गावाकडं केली; वहिनी आली होती, लांब उभी होती.

तर यंदा अल्बमला पंचवीस वर्षं झाली. सांगलीत आमच्या श्रोता मंडळानं छोटा कार्यक्रम ठेवला आणि मला बोलायला सांगितलं. मी बोललो. मित्राकडून एका दिवसासाठी अल्बम कसा आणला, घरी कसा भरून घेतला, व्होल्टेज कसं पडलं — ही घरघरीची गोष्ट मी रंगवून सांगितली. लोक हसले. टाळ्याही पडल्या. कशावर भरला, ते कोण विचारणार?

मयूरी त्या कार्यक्रमाला आली होती. मिरजेला एका लॅबमध्ये नोकरी करते. चेहरा वहिनीचा, पण भुवया उचलते ती थेट दादासारखी. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना ती जवळ आली. म्हणाली, "काका, तुमी एवढी गाणी जपली. बाबांची ती कॅसेट खरंच आईनं हरवली का ओ?"

तिनं सहज विचारलं होतं. तिला बापाचा आवाज माहीत नाही. फोटो आहेत, वर्दीतला एक आणि लग्नातले काही. आवाज नाही.

आणि मी काय म्हणालो, सांगू? "जुनी गोष्ट आहे गं. कुनाचं काय, काय म्हाईत." असं म्हणालो. पन्नाशीच्या उंबऱ्यावरचा माणूस, नुकत्याच टाळ्या घेतलेला. तिनं मान हलवली आणि दुसरी खुर्ची उचलली. ती मान तिनं ज्या तऱ्हेनं हलवली — विश्वास ठेवून — ते मला सहन झालं नाही. पुण्य म्हणून नव्हे. आता आणखी एका माणसापुढं आयुष्यभर हेच करायचं, याचा कंटाळा आला.

रविवारी मी टेप आणि कॅसेट घेऊन मलकापूरला गेलो. मयूरीला आधीच फोन करून यायला सांगितलं होतं. वहिनीनं चहा टाकायला घेतला तर म्हटलं, आधी बसा. आणि सांगितलं. खुंट्यांसकट, कागदाच्या बोळ्यांसकट. मग शेवटचं गाणं गेल्यावरचा भाग लावला.

टेप जुनी झालीय, आवाज थोडा जड येतो. तरी दादाच होता. बादलीवाल्याला ओरडला तेव्हा मयूरी दचकली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. खट्‌ झालं. वहिनी म्हणाली, "पुन्यांदा लावा." लावली. तिसऱ्यांदा मीच लावली, तर तिनं हात पुढं करून बंद केली.

"आत्याबाई गेल्या तवा कुटं हुती ही?"

"घरातच. कपाटात."

तिनं कॅसेट टेपमधून काढून हातात घेतली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी तयारी करून गेलो होतो. ती हळूच म्हणाली, "मला न्हाई सांगितलं तरी चाललं असतं, भावजी. त्यास्नी सांगायचं हुतं."

तिला दादाचा आवाज हवा होता, पण त्याहून जास्त तिला सासूच्या नजरेतली गमावलेली जागा परत हवी होती. ती देणारं माणूस आता नाही. ते मी मरू दिलं.

मग वहिनीनं विचारलं, "मावशी हायत्या न्हवं अजून?"

मी होय म्हणालो.

"तेराव्याला त्या हुत्या. त्यांच्याम्होरं सांगा. माज्या देखत."

लगेच निघालो. माझ्या गाडीतून, तिघं. वहिनी मागं मयूरीजवळ बसली होती, कॅसेट तिच्या मांडीवर, पदराखाली. आईच्या मातीचा तो एक दिवस सोडला तर तिनं गावात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

मावशी अंगणात बाजेवर बसली होती, शेंगा फोडत. तिला आता फारसं ऐकू येत नाही. मी जवळ बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली, आळीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिनं कानाला हात लावला. "काय म्हनतूस? मोठ्यानं बोल."

वहिनी मयूरीसोबत तुळशीजवळ उभी होती. बसली नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "दादाची कॅसेट!"

"कसली शीट?"

"दादाची कॅसेट, मावशी! आवाज हुता ती! ती मी घालवली! वहिनीनं न्हाई!"

समोरच्या घराचं दार उघडलं. पलीकडं गोठ्यातला माणूस वैरण हातात घेऊन थांबला. मी तयार करून आणलेली वाक्यं त्या ओरडण्यात कुठल्या कुठं गेली. मला तिथं नुसतं 'मी' आणि 'वहिनीनं न्हाई' एवढंच पुन्हा पुन्हा ओरडावं लागलं. गाणी कशी भरली, ते ओरडून सांगावं लागलं. लपवली कुठं, तेही.

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आक्का मरस्तवर तिलाच बोलत हुती की रं."

"व्हय."

"आनि तू तिच्याजवळच हुतास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"काय?"

"व्हय!" मी ओरडलो. "जवळच हुतो!"

मावशीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. उठायला गेली, पण गुडघ्यांनी दाद दिली नाही. वहिनीच्या दिशेनं हात करून मला म्हणाली, "आदी तिला पानी दे. उनाची उबी हाय. दारात आलेल्या लेकीला पानी बी इचारना झालोय आमी."

मी आत गेलो. माठातून तांब्या भरून घेतला. बाहेर आलो तर तुळशीजवळ कुणी नव्हतं. माझी गाडी दारातच होती. रस्त्यानं वहिनी आणि मयूरी चालत हायवेकडं निघाल्या होत्या, एकीनं दुसरीचा हात धरला होता. समोरच्या दारातली बाई माझ्याकडं बघत होती.

मावशीनं हात पुढं केला. "आन हिकडं," म्हणाली, आणि ते पाणी तिनं प्यायलं.